"काही नाही हो काकू" — दुखणार हे पेशंटला आधी सांगावं की नाही?

ओसरीवरचा: मागच्या महिन्यात आईचा गुडघा बदलला. आधी जो तो "काही नाही हो काकू, दुसऱ्या दिवशी चालाल". दुसऱ्या दिवशी फिजिओवाल्याने गुडघा वाकवला आणि आई पलंगाचा दांडा धरून माझ्याकडे बघत बसली, तिला वाटलं ऑपरेशनच फसलं. आधी सांगायला काय जातं? १९६४ सालीच अमेरिकेत बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये पोटाच्या ऑपरेशनच्या ९७ पेशंटवर प्रयोग झालाय, काहींना भूलतज्ज्ञाने आधी समजावलं की कुठे दुखेल, किती दिवस, श्वास कसा घ्यायचा, कूस कशी बदलायची. त्यांना दुखण्याची औषधं जवळपास निम्मीच लागली आणि ते सरासरी २.७ दिवस आधी घरी गेले. सर्जनना तर माहीतही नव्हतं कोणाला सांगितलंय ते.

तिखटमीठ: सांगून दुखणं वाढतं पण!! २०१० चा अभ्यास, बोस्टनचाच, १४० गरोदर बायका. पाठीत बधिर करायची सुई देताना काहींना "मोठी मधमाशी चावल्यासारखं होईल, हाच सगळ्यात वाईट भाग" आणि बाकीच्यांना "जागा बधिर करतोय, मग त्रास होणार नाही". किती दुखलं विचारल्यावर पहिल्यांनी दहापैकी ५ सांगितले, दुसऱ्यांनी ३. मी तर दाताच्या डॉक्टरला सरळ सांगते, गप टोचा.

ओसरीवरचा: अहो ती मधमाशी म्हणजे माहिती नाही, भीती घालणं झालं. कूस कशी वळायची हे कुठे सांगितलं त्यात?

रिकामटेकडा_७: मुळात ५ आणि ३ म्हणजे काय? ताप मोजतो तसं मोजलंय का? माझ्या आजीला नर्सने विचारलं दहापैकी किती, तर म्हणे "पेपर तपासतेस का गं, कळ येते ती लिही". ठणका, कळ, चमक, आग, सगळ्याला एकच आकडा, काय कळणार त्यातून. उगाच नाही मेलझॅक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७५ ला दुखण्याच्या शब्दांचीच प्रश्नावली केली.

तिखटमीठ: मग काय दुखणाऱ्याचं ऐकायचंच नाही? दुखण्यावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० ला व्याख्या बदलली त्यातही लिहिलंय, माणूस दुखतंय म्हणाला तर त्याचा मान ठेवा.

रिकामटेकडा_७: मान ठेवा ना, पण आजीचा "सहा" आणि तुमचा "सहा" शेजारी ठेवून औषध ठरवू नका एवढंच. माझी आजी पाहुण्यांसमोर दोन म्हणते आणि रात्री आठ.

ओसरीवरचा: आमची पण!! डॉक्टर राउंडला आले की "बरंय", ते दाराबाहेर गेले की "अरे गोळी दे". आता दुसऱ्या गुडघ्याच्या वेळी मीच आधी सांगणार तिला, मधमाशी न काढता.

तिखटमीठ: सांगा, पण आदल्या रात्री नको, झोप उडेल त्यांची.