रेझ्युमेची मूळ प्रत कुठे ठेवता? मराठवाड्यातील नोकरदार आणि उमेदवारांचे अनुभव

आवाहन

नोकरीसाठी पुणे, मुंबई, हैदराबादकडे जाणारे तरुण आणि वाळूज, शेंद्रा, जालना येथील औद्योगिक वसाहतींत काम करणारे कर्मचारी या दोघांचाही एक समान प्रश्न आहे. महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षी घाईने तयार केलेला रेझ्युमे पुढे घरचा संगणक, ऑफिसचा लॅपटॉप, फोनमधील डाउनलोड आणि गल्लीतल्या नेट कॅफेचा डेस्कटॉप अशा अनेक ठिकाणी विखुरतो, आणि मुलाखतीचा निरोप येतो तेव्हा नेमकी सर्वांत जुनी प्रत हाती लागते. क्लाउड साठवणुकीमुळे, म्हणजे फाइल इंटरनेटवरील खात्यात ठेवण्याच्या सोयीमुळे, हा प्रश्न सुटायला हवा होता; काहींचा तो सुटला आहे, तर काहींचा नुसताच एका जागेवरून दुसऱ्या जागी गेला आहे. आपण कोणती सेवा वापरता, मूळ फाइल कोणत्या स्वरूपात ठेवता, फोनवर आणि संगणकावर एकच प्रत राहावी म्हणून काय करता, हे कृपया सविस्तर लिहावे. स्वतः वापरलेल्या पद्धतीविषयीच लिहावे. कोणती सेवा श्रेष्ठ, हा वाद येथे नको.

छत्रपती संभाजीनगर: वाळूज येथील कारखान्यात उत्पादन अभियंता

रेझ्युमे अद्ययावत ठेवण्यातली खरी अडचण फाइल ठेवायच्या जागेची नाही, त्यात काय भरायचे ते ऐनवेळी आठवत नाही, ही आहे. शिफ्टमध्ये काम करणाऱ्या माणसाला गेल्या वर्षी कोणत्या यंत्रावर सेटिंगचा वेळ किती कमी केला हे आकड्यानिशी सांगता येत नाही, आणि मुलाखत घेणारा तर नेमका आकडाच विचारतो. म्हणून मी गुगल डॉक्समध्ये दोन वेगळ्या फाइली ठेवतो. पहिली म्हणजे नुसते नोंदपत्र. झालेले प्रशिक्षण, हाताळलेली सीएनसी आणि व्हीएमसी (संगणक-नियंत्रित) यंत्रे, ग्राहकाच्या ऑडिटमध्ये सांभाळलेली जबाबदारी, मान्य झालेले कायझेन (कामात सुचवलेल्या छोट्या सुधारणा), हे सारे मी त्याच दिवशी कंपनीच्या बसमध्ये बसून फोनवरून तारखेसह लिहून टाकतो आणि भाषेची किंवा मांडणीची फिकीर करत नाही. दुसरी फाइल म्हणजे प्रत्यक्ष दोन पानांचा रेझ्युमे, जो या नोंदपत्रातून निवडून तयार होतो. ग्राहकाचे ड्रॉइंग, भागाचा क्रमांक, किंमत अशी कंपनीची गोपनीय माहिती मात्र खासगी खात्यातील नोंदपत्रातही येऊ देत नाही.

गुगल डॉक्समध्ये प्रत्येक बदलाचा इतिहास आपोआप राहतो आणि संगणकावरून एखाद्या आवृत्तीला नावही देता येते. मी ‘गुणवत्ता विभागासाठी’, ‘देखभाल विभागासाठी’ अशी नावे देतो, त्यामुळे ‘फायनल’, ‘फायनल नवा’, ‘फायनल शेवटचा’ अशा फाइलींची रांग लागत नाही. कंपन्यांकडे पाठवायची पीडीएफ वेगळी असते. ती गुगल ड्राइव्हवर नव्याने चढवण्याऐवजी जुन्या पीडीएफच्याच जागी ‘आवृत्त्या व्यवस्थापित करा’ या पर्यायातून नवी आवृत्ती टाकली, तर लिंक बदलत नाही. आधी कुणाला लिंक दिली असेल तर त्यालाही ताजी प्रत दिसते. पीडीएफची जुनी आवृत्ती मात्र ३० दिवसांनी पुसली जाऊ शकते. ती जपायची असेल तर ‘कायम ठेवा’ हा पर्याय निवडावा लागतो.

नांदेड: वाणिज्य शाखेची पदव्युत्तर विद्यार्थिनी

आमच्या घरी संगणक नाही. माझा संपूर्ण रेझ्युमे फोनवर तयार झाला आहे आणि फोनवरच दुरुस्त होतो. गाव किनवट तालुक्यात असल्याने सुट्टीत गेले की नेटवर्क भरवशाचे नसते, म्हणून डॉक्समधील ती एक फाइल ‘ऑफलाइन उपलब्ध’ करून ठेवली आहे. रेंज नसतानाही मजकूर बदलता येतो आणि रेंज आली की बदल आपोआप वर जातात. फोनवर मांडणी पाहणे कठीण जाते, हे खरे आहे. स्तंभ, तक्ते, बाजूला रंगीत पट्टी असा साचा मी त्यासाठीच टाळला; साधी शीर्षके आणि त्यांखाली सरळ ओळी असल्या की कोणत्याही यंत्रावर काही हलत नाही.

प्रिंटचा प्रश्न वेगळा आहे. झेरॉक्सच्या दुकानात गेले की तेथील व्हॉट्सॲप क्रमांकावर फाइल पाठवायला सांगतात, आणि माझा पत्ता, फोन क्रमांक, जन्मतारीख हे सारे त्या संगणकावर पडून राहते. दुकानातल्या संगणकावर स्वतःचे खाते उघडणे तर त्याहून वाईट. मी केवळ पाहण्याची परवानगी असलेली लिंक देते, प्रिंट निघाली की लिंकचा प्रवेश पुन्हा ‘मर्यादित’ करते आणि फाइल डाउनलोड झाली असेल तर ती समोर उभी राहून काढून टाकायला सांगते. दुकानदार थोडे वैतागतात, पण करतात.

लातूर, सध्या पुणे: संगणक प्रणाली अभियंता

मी मायक्रोसॉफ्टची वनड्राइव्ह ही क्लाउड सेवा वापरतो, कारण फाइल वर्डमध्ये आहे आणि अनेक कंपन्यांच्या पोर्टलवर वर्ड फाइल सरळ चालते. मोफत मिळणारी ५ जीबी जागा रेझ्युमेसाठी फार झाली, कारण ही फाइल काही शेकडो केबींच्या पुढे क्वचितच जाते. माझ्या अनुभवात दोन गोष्टी जपण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे एका यंत्रावर फाइल उघडी ठेवून, तेथे इंटरनेट नसताना, दुसऱ्या यंत्रावर तीच फाइल बदलायला घेऊ नये. दोन्ही बदल जुळवता आले नाहीत तर वनड्राइव्ह नावापुढे संगणकाचे नाव जोडून दुसरी प्रत तयार करते, आणि मग कोणती खरी ते डोळ्यांनी ताडून पाहावे लागते. शुक्रवारी रात्रीच्या गाडीने लातूरला निघण्यापूर्वी मी लॅपटॉपवरचे ढगाचे चिन्ह पाहतो. हिरवी खूण दिसली की फाइल बंद करतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. रेझ्युमे कधीही कंपनीच्या खात्यात ठेवू नये, मग त्या खात्यात कितीही जागा मिळत असो. माझ्या एका सहकाऱ्याचे खाते राजीनाम्याच्या शेवटच्या दिवशी दुपारीच बंद झाले आणि अनेक वर्षांच्या कामाचा तपशील असलेली फाइल आतच राहिली. यात कंपनीचे काही चुकले असे म्हणता येणार नाही, कारण खाते तिचेच होते.

बीड: टंकलेखन आणि ऑनलाइन अर्जांचे केंद्र चालवणारा

मी काउंटरच्या पलीकडून लिहितो आहे. भरतीच्या हंगामात माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी अनेकांना आपल्या ईमेलचा पासवर्ड माहीत नसतो, कारण ते खाते पूर्वी कुण्या केंद्रचालकाने किंवा मामाने काढून दिलेले असते आणि पुनर्प्राप्तीसाठी दिलेला मोबाइल क्रमांकही त्या काढून देणाऱ्याचाच असतो. फाइल क्लाउडवर सुरक्षित असते, फक्त तिच्या मालकाला ती मिळत नाही. म्हणून नवे खाते काढताना मी मुलाचा स्वतःचा क्रमांक घालायला लावतो, पासवर्ड त्यालाच टाकायला सांगतो आणि तेवढा वेळ तोंड फिरवून बसतो. जुन्या खात्याचा ताबा आधीच्या माणसाकडून वेळीच घ्यावा. त्याला फोन करायला संकोच वाटतो, पण तो एकदाच करावा लागतो.

मराठी रेझ्युमेबद्दलही सांगायला हवे. शिक्षणसंस्था, पतसंस्था आणि सामाजिक संस्थांसाठी आजही मराठीत अर्ज लागतो. पूर्वी असे मजकूर युनिकोड (सर्व यंत्रांवर सारखी चालणारी अक्षरपद्धती) नसलेल्या फॉन्टमध्ये टंकले जात, आणि माझ्याकडच्या जुन्या फाइली अजूनही तशाच आहेत. अशी फाइल क्लाउडवर चढवून फोनवर उघडली की तो फॉन्ट तेथे नसल्याने मराठीऐवजी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा खेळखंडोबा दिसतो. ग्राहकाला वाटते की फाइल बिघडली. ती बिघडलेली नसते. मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून एकदा शांतपणे तपासला, विशेषतः रफार आणि जोडाक्षरे, की तीच फाइल कोणत्याही फोनवर वाचता येते. रूपांतर करणारी साधने सहज मिळतात, पण तपासण्याचे काम माणसालाच करावे लागते.

परभणी: कृषी पदवीधर

मी रेझ्युमे गुगल ड्राइव्हवर ठेवतो, परंतु प्रमाणपत्रांसाठी डिजिलॉकर ही सरकारी सेवा वापरतो. डिजिलॉकरमध्ये संबंधित संस्थेने थेट दिलेली कागदपत्रे २०१६ च्या नियमांनुसार मूळ कागदपत्रांच्या बरोबरीची मानली जातात. आपण स्वतः स्कॅन करून चढवलेल्या कागदाला तो दर्जा मिळत नाही. हा फरक अनेकांच्या लक्षात येत नाही. रेझ्युमेत गुणांचा आकडा लिहिताना मी डिजिलॉकरमधील गुणपत्रक शेजारी उघडून ठेवतो, म्हणजे टक्केवारी आणि उत्तीर्ण झाल्याचे वर्ष दोन्हीकडे एकच राहते.

जालना: लोखंडी सळ्यांच्या कारखान्यात लेखापाल

आमच्या घरी एकच सामाईक फोल्डर होता आणि त्यात धाकट्या भावाच्या दोन फाइली होत्या. एकीचे नाव ‘बायोडाटा नवा’ आणि दुसरीचे ‘नवा बायोडाटा’. एक नोकरीची होती, दुसरी स्थळांसाठीची. एका कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला त्याची रास, नाडी, मामाचे कूळ आणि शेतीचे क्षेत्र हे सर्व कळले. तेथील बाईंनी अतिशय सभ्यपणे उत्तर पाठवून दुसरी फाइल मागितली. आता फोल्डर वेगळे आहेत आणि नोकरीच्या पीडीएफच्या नावात त्याचे नाव, पद आणि वर्ष असते.

धाराशिव: कनिष्ठ महाविद्यालयातील निवृत्त प्राध्यापक

वरील सर्व वाचून माझा आक्षेप नोंदवतो. मी आयुष्यभर कागदाची फाइल आणि पेन ड्राइव्ह यांवर काम भागवले, आणि सेवापुस्तकातील प्रत्येक नोंद आजही कागदावरून दाखवू शकतो. खासगी कंपनीच्या मोफत सेवेवर सगळा भार टाकणे मला शहाणपणाचे वाटत नाही. शिवाय लातूरच्या लेखकांनी एक गोष्ट सोडली आहे. समक्रमण (सर्व यंत्रांवर एकच प्रत राखणे) आणि राखीव प्रत या दोन वेगळ्या बाबी आहेत. एका यंत्रावर फाइल पुसली की ती सगळीकडे पुसली जाते. ड्राइव्हच्या कचरापेटीत ती ३० दिवसच राहते. माझ्या मुलीने क्लाउड वापरावे, यास माझी हरकत नाही, परंतु वर्षातून एकदा छापील प्रत आणि पेन ड्राइव्हवरील प्रत काढावी, असा माझा आग्रह आहे आणि तो तिने मान्य केला आहे.

हिंगोली: कंत्राटी परिचारिका

प्राध्यापकांचा मुद्दा मला पटतो. कंत्राट अकरा महिन्यांचे असते, त्यामुळे माझा रेझ्युमे कायम चालू कामाचा कागद असतो; आणि मोफत खात्यातील जागा भरण्याचा त्रासही मी जवळून पाहिला आहे. गुगलची मोफत १५ जीबी जागा ईमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांना मिळून असते, आणि ॲन्ड्रॉइड फोनवरील व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता तिच्यातच मोजला जातो. माझ्या मैत्रिणीची जागा सुप्रभात आणि लग्नाच्या व्हिडिओंनी भरली. जागा पूर्ण भरली की नवे ईमेल येणेच थांबते, म्हणजे रेझ्युमे पोहोचला तरी मुलाखतीचे पत्र पोहोचत नाही. मी नोकरीसाठी वेगळे खाते ठेवले आहे आणि त्यावर फोटोंचा बॅकअप बंद आहे.

असे वेगळे खाते ठेवणाऱ्यांनी ते अधूनमधून उघडत राहावे, कारण दोन वर्षे न वापरलेले खाते गुगल बंद करून आतील फाइलींसह काढून टाकू शकते. द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डनंतर फोनवरून होणारी दुसरी खात्री) चालू असेल तर फोन हरवल्यावर आत जाता यावे म्हणून १० राखीव कोड मिळतात आणि प्रत्येक कोड एकदाच चालतो. ते मी कागदावर लिहून परिचारिका परिषदेच्या नोंदणी प्रमाणपत्राच्या पाकिटात ठेवले आहेत.

संयोजक

बीडच्या लेखकांना एक विनंती आहे. जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये आणल्यावर कोणती जोडाक्षरे हमखास बिघडतात, याची छोटी यादी आपण दिली, तर मराठीत अर्ज करणाऱ्या उमेदवारांना ती पडताळून पाहता येईल. ती आली की याच ठिकाणी जोडू.