मदत हवी आहे: माळ्यावरचा जुना थिंकपॅड ‘फॅन एरर’ दाखवून बंद होतो

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, काम काही अडलेलं नाही. बचत गटाचे हिशेब वहीत छान चालतात आणि लेक पुण्याला शिकतो, त्याचा लॅपटॉप वेगळा आहे. हा निव्वळ हौसेचा उद्योग आहे. त्यामुळे ‘नवीनच घ्या की’ हा सल्ला कृपया नको, तो घरात रोज फुकट मिळतो.

लेनोवो थिंकपॅड एक्स२२०, कोअर आय५, ४ जीबी रॅम, फिरणारी हार्ड डिस्क. धाकट्या दिरांनी २०११ मध्ये घेतला होता, नंतर नवा आला आणि हा माळ्यावर गेला. आम्ही चिपळूणचे, त्यामुळे पहिला प्रश्न काय येणार ते माहीत आहे. नाही, २२ जुलै २०२१ च्या पुराचं पाणी माळ्यापर्यंत चढलं नव्हतं. पण त्यानंतर त्या माळ्याकडे कोणी फिरकलंही नाही.

माझी अक्कल इतपतच: मिक्सरचे कार्बन ब्रश बदलते, छताच्या पंख्याचा अडीचचा कपॅसिटर बदलते, इस्त्रीची वायर जोडते. मल्टीमीटर आहे. सोल्डरिंग येतं, पण जाडंभरडं. लॅपटॉप पहिल्यांदाच उघडतेय.

आत्तापर्यंत केलेलं: बॅटरी काढून ठेवली, ती मेलेलीच होती. अडॅप्टर तपासला, २० व्होल्ट बरोबर देतोय. आधी नुसता बीप-बीप करायचा, पडदा काळा. रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने घासले, परत बसवली आणि पडदा उजळला! तो आनंद दोन सेकंद टिकला. ‘फॅन एरर’ एवढी अक्षरं आली आणि यंत्र आपोआप बंद. दहा वेळा केलं, दहाही वेळा तेच.

पंखा गेला समजायचं की मदरबोर्ड? आणि पंखा काढताना माझ्यासारखीने काय मोडू नये? तळाच्या जाळीत थोडी मातीही दिसतेय, ती ब्रशने झाडू का?

प्रतिसाद १
ताई, पडद्यावर अक्षरं आली म्हणजे प्रोसेसर, रॅम, पडदा सगळे जागेवर आहेत. बोर्डाची चिंता तूर्तास सोडा. पंखा फिरल्याचा सिग्नल मिळाला नाही की हा मुद्दाम बंद होतो, प्रोसेसर भाजू नये म्हणून. तेव्हा पंखा नुसता अडकला असेल तरी हेच दिसणार. नवीन मागवायच्या आधी हाताने फिरतो का ते बघा.

प्रतिसाद २
सल्ला नको म्हणालात तरी देतो. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ या प्रोसेसरवर अधिकृतपणे बसत नाही. पंखा बसवून करणार काय?

प्रतिसाद ३
वरच्यांना: विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली, तिची हलकी एक्सएफसीई आवृत्ती. ४ जीबीत आरामात चालते. पुढचा प्रश्न?

ताई, तुम्ही ‘माती’ लिहिलंय, ‘धूळ’ नाही. पूर चढला नव्हता म्हणता, मग माती माळ्यावर गेली कशी? आमच्या राजापूरच्या घरात प्लगच्या भोकांपासून बासरीपर्यंत कुंभारमाशी काही सोडत नाही. ब्रशने झाडू नका, खडे आत पडतील. उघडून काढा.

धागाकर्ती
अगंबाई! कुंभारीण डोक्यातच आली नव्हती. रविवारी उघडते. स्क्रू हरवू नयेत म्हणून काय करता तुम्ही लोक?

प्रतिसाद १
थर्माकोलवर लॅपटॉपचा आराखडा काढायचा आणि ज्या जागचा स्क्रू त्या जागी टोचायचा. कंपनीचं हार्डवेअर मेन्टेनन्स मॅन्युअल नेटवर मोफत मिळतं, त्यात कुठला स्क्रू किती लांबीचा तेही दिलंय. ते न वाचता हात लावू नका. की-बोर्ड उचलताना हिसका देऊ नका, खाली केबल असते. पंख्याची वायर धरून ओढायची नाही, तिचा कनेक्टर नखाने सरकवायचा.

पंख्यासोबत तांब्याची नळी प्रोसेसरवरून उचलली जाईल, म्हणजे दोघांमधली, उष्णता नळीकडे नेणारी पेस्ट नवी लावावीच लागणार. जुनी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाने पुसा. नवी तांदळाच्या दाण्याएवढी, पोळीला तूप लावल्यासारखी नव्हे.

धागाकर्ती
झालं! सविस्तर लिहिते, कारण घरात ऐकायला कोणी तयार नाही.

थर्माकोल नव्हता, म्हणून जुना मिसळणाचा डबा घेतला. सात वाट्या, सात टप्पे. मोहरीच्या वाटीत तळाचे, जिऱ्याच्या वाटीत की-बोर्डखालचे, हळदीच्या वाटीत पंख्याचे. प्रत्येक वाटीत चिठ्ठी. सकाळी दहाला बसले, पंखा हातात आला तेव्हा अडीच वाजले होते, मध्ये जेवणं वाढून झाली.

राजापूरकरांना साष्टांग नमस्कार. जाळीला आतून करंगळीच्या पेराएवढी मातीची कोठी चिकटली होती, तिचा एक तुकडा तुटून पात्यांमध्ये पाचरीसारखा बसलेला. कोठी फोडली तर आत वाळलेल्या अळ्यांचा चुरा. पोरांसाठी शिदोरी भरून ठेवली होती बिचारीने. लाकडी टूथपिकने माती काढली, पातं धरून ठेवून फुंकर मारली, बोटाने फिरवलं तर सुळकन फिरलं. प्रोसेसरवरची पेस्ट तर वाळलेल्या चुन्यासारखी खरवडून निघाली. नवी दाण्याएवढीच लावली, शपथेवर सांगते.

जोडून बटण दाबलं. पंखा फिरला, ‘फॅन एरर’ गायब! पण आता ०२७१ आकडा येतो आणि तारीख-वेळ तपासा म्हणतो. तारीख भरून सेव्ह केली की पुढे जातो. अडॅप्टर काढला की पुन्हा विसरतो. हे काय नवीन?

प्रतिसाद ३
नवीन नाही, जुनंच. तारीख सांभाळणारा बटण सेल संपलाय. सीआर२०३२, ३ व्होल्टचा, पण यात तो वायर आणि कनेक्टर लावलेला येतो. नुसता सेल आणून त्यावर सोल्डर करू नका, तापून फुटू शकतो. वायरवालाच मागा. चिपळुणात नाही मिळाला तर लेकाला बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत पाठवा.

आणि ती मेलेली लॅपटॉप बॅटरी ‘बघू तरी’ म्हणून चार्जिंगला लावू नका. इतकी वर्षं रिकामी पडलेली लिथियमची बॅटरी, तिचा भरवसा नाही. घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचऱ्यात द्या.

प्रतिसाद २
बरं, हरलो. आता हार्ड डिस्कही बदलाच. एसएसडी घेताना ७ मिलिमीटर जाडीची बघा, साडेनऊची यात बसत नाही. रॅम डीडीआर३ लागेल, डीडीआर४ ची खाच वेगळी असते. कंपनी ८ जीबीपर्यंत म्हणते, माझ्याकडच्या एक्स२२० मध्ये १६ चालतेय. होय, माझ्याकडेही आहे. या मॉडेलचा की-बोर्ड नंतरच्यांना आला नाही.

धागाकर्ती
तरीच! तपकीर गल्लीचा निरोप लेकाला गेलाय, एसएसडीही यादीत घातली. तोवर शेवटची शंका. सगळं बसवून झालं आणि मोहरीच्या वाटीत एक स्क्रू उरलाय. चालू तर झाला, मग राहू दे का?

प्रतिसाद १
राहू देऊ नका, पण दिसेल त्या भोकात घालूही नका. पट्टीने लांबी मोजा आणि मॅन्युअलमधल्या तक्त्याशी ताडून बघा. आखूड जागेत लांब स्क्रू पिळला तर टोक थेट बोर्डात घुसतं.

धागाकर्ती
मोजते. पट्टी दिसत नाहीये, शिवणाची टेप चालेल ना?