रिग्रेशन: नाव एक, माघारी दोन

'रिग्रेशन म्हणजे प्रतिगमन, गणितात काय नि मानसशास्त्रात काय, अर्थ एकच' असं कोणी म्हणालं, ते मला अर्धंच पटलं. मानसशास्त्रात ठीक. धाकटं भावंड आलं की चार वर्षांचं पोर पुन्हा अंगठा चोखायला लागतं, ते मनोविश्लेषक फ्रॉइडचं प्रतिगमन, म्हणजे लहानपणीच्या वागण्याकडे माघारी. संख्याशास्त्रात त्याला 'समाश्रयण' म्हणतात आणि तिथे बालपणात कोणीच जात नाही.

तिकडे 'रिग्रेशन' हा शब्द रुजवला ब्रिटिश संशोधक फ्रान्सिस गॉल्टनने. १८८६ साली त्याने ९२८ प्रौढ अपत्यांची उंची आईवडिलांच्या उंचीशी ताडून पाहिली. उंच आईबापांची मुलं उंचच, पण सरासरीपासूनचं त्यांचं अंतर आईबापांच्या अंतराच्या साधारण दोन तृतीयांश उरलेलं. म्हणजे इथली माघार सरासरीकडे.

आमच्या रावेरला हे केळीत दिसतं. एखाद्या झाडाला ३० किलोचा घड पडला की काका हौसेने त्याचंच पील (बुंध्याशी फुटणारा कोंब) राखतात. पुढच्या खेपेला घड २२-२३ वर! काका म्हणतात, वाण बिघडला. अहो, पील त्याच झाडाच्या कंदातून फुटलेलं, वाण बिघडेल कसा? पहिल्या वेळी पाणी, ऊन, जागा सगळं जुळून आलं होतं, इतकंच. (किरकोळ घडाच्या झाडाचं पील पुढे बरा घड देतं, ते मात्र कोणी तोलत नाही.)