दगडी घरातली एक खोली ऊबदार करताना: तुमचे अनुभव लिहा

जुन्या दगडी घरातली निदान एक खोली हिवाळ्यात बसण्याजोगी करायची आहे. भिंती दोन फूट जाड, म्हणजे ऊब टिकेल असं वाटलं होतं. हीटरने हवा 20 अंशांवर गेली तरी भिंतीकडची पाठ गारच. ज्यांनी हे केलंय त्यांनी लिहा. फसलेलं आधी लिहिलंत तर फार बरं.

—

जाडीवर जाऊ नका. दगडातून उष्णता सहज निघून जाते, आणि गार भिंतीशेजारी बसलं की हवा तापलेली असूनही हुडहुडी भरते. आमच्याकडे मात्र खरा चोर वारा निघाला. वारं सुटलेल्या दिवशी उदबत्ती घेऊन खोलीभर फिरलो. खिडकीपाशी धूर जेमतेम हलला. कपाटामागे, लाकडी जमीन भिंतीला भिडते तिथे मात्र आडवा झाला. करंगळी जाईल एवढी फट! फोमची दोरी कोंबून वरून लवचिक सीलंट भरलं. बाहेर जमिनीलगत हवेच्या ज्या जाळ्या असतात त्या बुजवू नका हं, खालची लाकडं कुजतात.

—

माझं फसलेलं: भिंतीला आतून थर्माकोलचे तक्ते, वर जिप्सम बोर्ड. पहिला हिवाळा झकास. दुसऱ्यात कुबट वास. तिसऱ्यात एक तक्ता उचकटला, तर मागे काळी बुरशी आणि दगड हाताला ओला. खोलीतली दमट हवा सांध्यांतून मागे जाते, गार दगडावर पाणी धरतं आणि त्याला वाळायला वाट नसते. आता चुन्याचा गिलावा करून त्यावर लाकूडतंतूंचे बोर्ड मधे पोकळी न ठेवता बसवलेत. जाडी 4 सेंटीमीटरच. आतून थर जितका जाड, तितका मागचा दगड गार, म्हणून हाव धरली नाही.

—

त्याही आधी बाहेर जाऊन बघा. आमच्या भिंतीच्या दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, कुणीतरी सिमेंटने भरल्या होत्या. आत शिरलेलं पाणी बाहेरच पडेना. सगळं खरवडून चुन्याने भरलं, गळकी पन्हळ बदलली आणि एक अख्खा उन्हाळा भिंत वाळू दिली. ओली भिंत कोरडीपेक्षा जास्त ऊब घालवते. “भिंत वाळताना बघत बसतेस?” असं घरातून ऐकावं लागलं. बसले.

—

मी दोन वर्षं भिंतीशी झुंजलो आणि वर माळा तसाच उघडा पडलेला! एका दिवसात लोकरीचे थर अंथरले. एवढंच.

—

खिडकी बदलली नाही. आतून चुंबकी पट्टीवर ॲक्रिलिकचं तावदान बसवलं. खिडकीच्या आतल्या कडांना मात्र पातळ का होईना, ऊब राखणारा थर द्याच. मी त्या सोडल्या आणि बुरशी नेमकी तिथेच आली.

—

धुराड्यात फुगवायचा फुगा मिळतो, वारा छान अडतो. पुढच्या हिवाळ्यात तो विसरून शेकोटी पेटवली. खोलीभर धूर, वितळलेल्या प्लास्टिकचा वास आणि सगळे अंगणात. आता शेकोटीच्या तोंडाशी चिठ्ठी लटकवली आहे. आणि खोलीत काही जळत असेल तर हवेची वाट अजिबात बंद करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो; अलार्म लावा.

—

धागा काढणारी मीच. काल उदबत्ती फिरवली. दार ठीक, जमीन ठीक. धूर हलला तो भिंतीतल्या स्विचबोर्डापाशी! हे तुमच्यापैकी कुणीच सांगितलं नव्हतं.