मदत हवी आहे : टीव्ही तासभर लख्ख, मग एकदम 'नो सिग्नल' (स्लाऊ, इंग्लंड)

सासवडकर :
नमस्कार मंडळी. लंडनच्या पश्चिमेला स्लाऊमध्ये राहतो. गेल्या वर्षी जुनं घर घेतलं. छपरावर आधीच्या मालकाचा अँटेना होता, दिवाणखान्यात त्याचं सॉकेट होतं, टीव्ही जोडला आणि फ्रीव्ह्यू (इथली अँटेनावर दिसणारी मोफत टीव्ही सेवा) सुरू झालं. वर्षभर तिकडे ढुंकूनही बघावं लागलं नाही.

गेले तीन आठवडे मात्र वैताग आलाय. चित्राचे चौकोन होतात, आवाज तुटतो, मग 'नो सिग्नल'. मध्येच तास-दीड तास अगदी लख्ख दिसतं, की पुन्हा ये रे माझ्या मागल्या. पाऊस नाही, वारा नाही, ऊनच आहे सध्या.

टीव्हीमागची केबल बदलून झाली. शनिवारी सगळं री-ट्यून केलं, तर आणखीच बिघडलं. आधी शंभरावर चॅनेल होते, आता चाळीसेक उरलेत. एचडी सगळे गेले. डेव्ह, क्वेस्ट गायब. बीबीसी वन, आयटीव्ही दिसतात, पण अडखळत. एका अँटेनावाल्याला फोन केला, तर न बघताच 'नवीन बसवावा लागेल' म्हणाला आणि आकडा ऐकून मीच फोन ठेवला.

बाबा आलेत सासवडहून. विम्बल्डन त्याच देशात बसून बघायचं, या खुशीत होते. आता टीव्ही लायसन्सचे (इथे टीव्ही बघायला ते लागतं) पैसे भरूनही फोनवर स्कोअर बघतायत. ॲपवर का लावत नाही, हे कृपया विचारू नका. बाबांना रिमोटवर १ दाबलं की बीबीसी लागायला हवं. बास.

थेम्सकाठी :
हवेचा दाब असणार. उन्हाळ्यात उच्च दाब येऊन बसला की लांबच्या टॉवरचे सिग्नल भलतीकडे पोचतात आणि आपल्या सिग्नलमध्ये घुसतात. दोन दिवस थांबा. आणि अशा वेळी री-ट्यून करत जाऊ नका.

सासवडकर :
तीन आठवडे थांबलोय हो. शिवाय भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांचा टीव्ही ठणठणीत आहे, कालच विचारलं.

थेम्सकाठी :
मग हवा नाही. माघार.

कोथिंबीरवडी :
हीथ्रोची विमानं? आमच्याकडे विमान गेलं की चित्र हलायचं.

रेडिओवाला :
विमानाने दोन-चार सेकंद हलेल, तास तास जाणार नाही.

सासवडकर, तुम्ही चॅनेलची नावं मोजताय, तिथेच गल्लत होतेय. हवेतून चॅनेल एकेकटे येत नाहीत, गठ्ठ्याने येतात. एका गठ्ठ्याला मल्टिप्लेक्स म्हणतात. तुमच्या बाजूला मुख्य टॉवर क्रिस्टल पॅलेसचा, २१९ मीटर उंच, तुमच्यापासून साधारण ३७ किलोमीटर. तिथून सहा मुख्य गठ्ठे येतात : २२, २३, २५, २६, २८ आणि ३० या फ्रीक्वेन्सी-चॅनेलवर. (रिमोटवरच्या आकड्यांशी यांचा काही संबंध नाही.) २३ वर बीबीसी, २६ वर आयटीव्ही-चॅनेल फोर मंडळी, ३० वर एचडी. उरलेले तीन व्यापारी गठ्ठे. त्यांत जास्त चॅनेल कोंबलेले असतात आणि चूक सुधारायला ठेवलेली माहिती कमी. म्हणून सिग्नल खालावला की आधी डेव्हसारखे जातात आणि बीबीसी तग धरतं. तुमचं नेमकं तेच झालंय. म्हणजे एखादा चॅनेल नाही, सगळाच सिग्नल पडतोय.

आपल्याकडे दूरदर्शनच्या काळात सिग्नल कमी झाला की मुंग्या यायच्या, आणि मुंग्यांतूनही आपण अख्खी मॅच बघायचो. डिजिटलमध्ये मुंग्या नाहीत. काठावर असेपर्यंत चित्र स्वच्छ, काठ ओलांडला की थेट दरीत.

आता दोन कामं करा. ट्यूनिंगच्या मेनूत 'मॅन्युअल'मध्ये जाऊन वरचे सहा आकडे एकेक घाला. ताकद आणि क्वालिटीच्या पट्ट्या दिसतील. दिसत असताना एकदा आणि गेलेलं असताना एकदा, दोन्ही वेळचं लिहून घ्या. फक्त ऑटो-ट्यून दाबू नका. पडलेल्या सिग्नलवर री-ट्यून केलं की टीव्हीला जेवढं सापडतं तेवढंच तो ठेवतो, बाकीचं पुसून टाकतो. शनिवारी तुमचं तेच झालं.

दुसरं, बातम्या कुठल्या लागतात? लंडनच्या की साउथच्या (दक्षिण इंग्लंडच्या)?

सासवडकर :
बाबांना मुंग्यांबद्दल सांगितलं, तर अर्धा तास सिंहगडावरच्या टॉवरकडे तोंड करून बांबूवर बांधलेल्या अँटेन्याची गोष्ट ऐकली. बाबा वर, आई दारात, मी खिडकीत, आणि 'आलं का?' 'गेलं!' चालू. असो.

बातम्या लंडनच्याच. गेलेलं असताना ताकद सगळीकडे ३० च्या आसपास, क्वालिटी वरखाली नाचते, २२ आणि २८ वर शून्य. दिसत असताना ताकद ८० च्या वर, क्वालिटी १००, साही ठिकाणी. मधलं काही नाहीच. एकदम वर, नाहीतर एकदम खाली.

रेडिओवाला :
बातम्या एवढ्यासाठी विचारल्या, की तुमच्या पाठीमागे सुमारे ५० किलोमीटरवर हॅनिंग्टनचा टॉवर आहे. कधीकधी टीव्ही चुकून त्याला धरतो. ते नाही, बरं झालं.

३० आणि ८०, मधलं काही नाही, ही महत्त्वाची खूण आहे. सडलेली केबल किंवा पाणी शिरलेला जोड असा बटण दाबल्यासारखा वागत नाही. कुठल्या वेळी दिसतं, त्याची दोन दिवस नोंद ठेवा.

सासवडकर :
ठेवली. सोमवारी सकाळी १०.१० ते ११.४०, संध्याकाळी ५.३० ते ७. मंगळवारी सकाळी ९.४५ ते ११.१५, मग थेट रात्री ८ ते ९.१५. बाकी सगळा वेळ बोंब.

थेम्सकाठी :
घरात त्या वेळी काय चालू असतं? वॉशिंग मशीन, बॉयलर? आमच्याकडे एका स्वस्त एलईडी दिव्याने उच्छाद मांडला होता.

रेडिओवाला :
थेम्सकाठी, प्रश्न बरोबर आहे, पण उलटा विचारायला हवा. काही चालू केल्यावर टीव्ही बिघडत नाहीये, काहीतरी चालू केल्यावर तो सुधारतोय! सासवडकर, घरात कुठे छोटी डबी आहे का, एका बाजूने विजेला लावलेली आणि दुसऱ्या बाजूने अँटेनाची जाड केबल जाणारी?

सासवडकर :
थांबा. वर बाबांच्या खोलीत पलंगामागे एक पांढरी डबी आहे. तिची केबल छतात जाते. आधीच्या मालकाच्या ब्रॉडबँडची असेल म्हणून मी कधी हातच लावला नाही.

सासवडकर :
सापडलं.

डबीवर लाल दिवा आहे. बाबांना रात्री तो डोळ्यांवर येतो, म्हणून आल्या दिवसापासून तिचं बटण बंद करतात. त्याच एक्स्टेंशनवर त्यांच्या फोनचा चार्जर. फोन चार्जिंगला लावला की बटण चालू, चार्जिंग झालं की बंद. (घरातली सगळी बटणं बंद करत फिरणं हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम आहे.) म्हणजे तीन आठवडे आमचा टीव्ही फक्त बाबांचा फोन चार्ज होत असतानाच चालत होता. नोंदवहीशी ताडून बघितलं, मंगळवारी रात्री ८ ला त्यांनी आत्याला व्हिडिओ कॉल करायला फोन चार्जिंगला लावला होता.

त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "मग आधी विचारायचं की मला."

रेडिओवाला :
ही डबी म्हणजे वरच्या ॲम्प्लिफायरचा, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या यंत्राचा, वीजपुरवठा. ॲम्प्लिफायर अँटेन्याजवळ किंवा पोटमाळ्यावर असतो आणि त्याला वीज त्याच केबलमधून वर जाते. वीज नसली की तो सिग्नल वाढवत तर नाहीच, उलट अडवतो. म्हणून ॲम्प्लिफायर नसता त्याहूनही कमी मिळत होतं.

आता डबी चालू ठेवून, ८० दिसतंय याची खात्री करून, मगच पूर्ण री-ट्यून करा.

सासवडकर :
केलं. एचडी परत आले, डेव्ह आला. लाल दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली, चार्जर दुसऱ्या भिंतीवर नेला आणि सॉकेटवर मराठीत कागद डकवला : बंद करू नये.

एकच शंका. दिवाणखान्यातून दुसरा टीव्ही स्वयंपाकघरात जोडला, तर तिथे २८ वर क्वालिटी ६० पर्यंत उतरते. फाटा (एका केबलच्या दोन करणारा जोड) पौंडाच्या दुकानातला, म्हणजे स्वस्तातला आहे.

रेडिओवाला :
दोन टीव्हींत वाटला की प्रत्येकाला निम्म्याहून थोडा कमीच सिग्नल मिळतो, ते चालायचंच. पण पौंडाचा फाटा फेका. धातूच्या डबीतला, स्क्रूने बसणाऱ्या एफ कनेक्टरचा घ्या. एक मात्र बघा : डबी आणि वरचा ॲम्प्लिफायर यांच्या मध्ये फाटा येता कामा नये, नाहीतर वीज वर जाणार नाही. डबीच्या पुढे, टीव्हीच्या बाजूला लावा.

कोथिंबीरवडी :
आणि फायनल कोण जिंकलं ते बाबांना आधी सांगू नका, त्यांना आता एचडीत बघू दे.