आठ बिट कॅमेऱ्यात लॉग नको

'सगळं फ्लॅटमध्येच शूट करा, रंग एडिटमध्ये काढता येतात' हा व्हिडिओ शूटिंगचा सल्ला सरसकट देऊ नये असं मला मनापासून वाटतं. फ्लॅट म्हणजे लॉगसारखं फिकं, कमी कॉन्ट्रास्टचं सेटिंग. कॅमेरा आठ बिटमध्ये रेकॉर्ड करत असेल तर लाल, हिरवा, निळा अशा प्रत्येक रंगाला फक्त २५६ पायऱ्या मिळतात, दहा बिटला १०२४. सोनी कॅमेऱ्यांतलं एस-लॉग३ हे लॉग सेटिंग प्रखर उजेडापासून गडद सावलीपर्यंतचा सगळा पल्ला तेवढ्यातच दाबून बसवतं. मग एडिटमध्ये कॉन्ट्रास्ट ताणला की निरभ्र आकाशात पट्टे उमटतात आणि गालाच्या सावलीकडच्या बाजूला रंग डागाळतो. तो नंतर नीट साफ होत नाही.

दहा बिट असेल तर जरूर वापरा. मांडवात माणसं आणि बाहेर रणरणतं ऊन अशा फ्रेमला लॉगच वाचवतं. एक्स्पोजर मात्र एक-दीड स्टॉप वर ठेवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), म्हणजे सावल्यांतला नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, आटोक्यात राहतो. हायलाइट, म्हणजे सर्वांत उजळ भाग, जळत नाहीत ना, ते झेब्रावर (अति उजळ भागावर स्क्रीनवर दिसणाऱ्या तिरक्या रेघा) बघत राहा. व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा यासाठीचं सेटिंग) ऑटोवर अजिबात नको.

आठ बिटवाल्यांनी कॅमेऱ्यातल्या तयार सेटिंगपैकी सिने४ किंवा कॉन्ट्रास्ट थोडा उतरवलेलं न्यूट्रल घ्यावं. व्हिडिओ त्याच संध्याकाळी द्यायचा असेल तर नक्कीच.