उष्णता म्हणजेच एन्थाल्पी? दाब बदलला तर नाही

एन्थाल्पी म्हणजे आंतरिक ऊर्जा (पदार्थाच्या आत साठलेली ऊर्जा) अधिक दाब गुणिले आकारमान. एन्थाल्पीतला बदल म्हणजे दिलेली उष्णता असं सर्रास म्हणतात, पण हे फक्त दाब स्थिर असताना (आणि काम फक्त प्रसरणाचंच असताना) खरं आहे, ही अट सगळेच विसरतात, मीही परीक्षेत विसरलो होतो.

उघड्या पातेल्यातलं पाणी घ्या. १०० अंशाच्या १ किलो पाण्याची वाफ करायला साधारण २२५७ किलोज्यूल लागतात, पण १ लिटर पाण्याची जवळपास १६७० लिटर वाफ होते आणि तिला वातावरण मागे ढकलून जागा करावी लागते, त्या ढकलण्यातच १६९ च्या आसपास जातात, उरलेले २०८८ आंतरिक ऊर्जेत. एन्थाल्पी दोन्ही धरूनच मोजते.

आता कुकर. शिट्टी होईपर्यंत वाफ बाहेर जात नाही असं धरलं तर आकारमान तेवढंच, म्हणजे काम शून्य, सगळी उष्णता आंतरिक ऊर्जेत. तरी एन्थाल्पी त्याहून थोडी जास्तच वाढते कारण दाब वाढलाय. ५ लिटरचा कुकर, दाब १ बारने वाढला तर हा फरक ०.५ किलोज्यूल. किरकोळच, पण हे ०.५ कोणी दिलेलं नाही आणि कामही नाही, नुसता व्याख्येतला आकारमान गुणिले दाबवाढ.